चारी खोल्यांत बाबा

त्या स्पीकरचा आवाज जरा खाली आण रे. बंद नको करूस, वाजू दे. फक्त माझं बोलणं मला ऐकू आलं पाहिजे, एवढाच कमी कर. हां, असा. आणि जिन्याचं दार लोटून घे, वारा झोंबतोय.

आता हट्टच धरलायत तर सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो, उलट्या पायांची बाई वगैरे माझ्याकडे नाही. मी सगळा जन्म जमीन मोजण्याच्या ऑफिसात काढला. जे मोजता येतं तेवढंच खरं मानणारी आम्ही माणसं. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि जे काही सांगतोय ते त्याच्या तोंडून ऐकलेलं, नाहीतर मी स्वतः बघितलेलं.

नकाशे काढायचा तो. आम्ही त्याला पट्टी म्हणायचो. नकाशे कॉम्प्युटरवर आले तरी याच्या हातातली पट्टी काही सुटली नाही. चहाला उठला तरी पट्टी बगलेत. आमचे साहेब म्हणायचे, ‘याचं लग्न कसं जमणार? हा मुलगी बघायला जाईल आणि तिची उंची मोजून परत येईल.’ नाहीच जमलं शेवटपर्यंत. पण माणूस सरळ. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

घरी तो आणि त्याची आई, दोघंच. रांगेतलं शेवटचं बैठं घर. पुढे हॉल, मग स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या, आणि पॅसेजच्या टोकाला अडगळीची खोली. त्या खोलीला खिडकी नाही, आणि आत हात पसरले तर दोन्हीकडे भिंतीला बोटं टेकतील.

वडील जाऊन काही वर्षं झाली होती. भूगोलाचे मास्तर. आवाज असा, की माणूस चालता चालता थांबेल. भरदार, पण मऊ. निवृत्त झाल्यावर अंध मुलांसाठी धडे वाचून कॅसेटी भरून द्यायचे, फुकट. ते गेले तेव्हा ती मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं आली होती. मी डोळ्यांनी पाहिलंय. लोक म्हणाले, देवमाणूस गेला. पट्टीचा आवाज थेट त्यांच्यावर गेलेला. फोन उचलला की बाप की लेक कळायचं नाही.

एक मोठी बहीणही होती, ताई. याच्याहून बरीच मोठी. लग्न करून लांब गेली ती फारशी फिरकली नाही. बाबांना पोचवायलासुद्धा दुसऱ्या दिवशी आली, कोरड्या डोळ्यांनी. पट्टीनं ते मनात धरून ठेवलं होतं. म्हणायचा, ‘एवढा लळा लावला बाबांनी, आणि ही बघ.’ पण हा स्वतः लहानपणापासून वसतिगृहात. सुट्टीत घरी यायचा, लाड करून घ्यायचा, परत जायचा.

तर त्याच्या आईला विसरण्याचा आजार जडला. दिवसा सांभाळायला एक मावशी यायच्या, संध्याकाळी त्या गेल्या की पट्टी एकटा. आणि नेमकी दिवेलागणीला आई उठायची. हॉलमध्ये जायची, पडद्यामागे बघायची. स्वयंपाकघरात जायची, दारामागे बघायची. प्रत्येक खोलीत. पलंगाखालीसुद्धा, गुडघे धरून वाकून. मग पट्टीजवळ येऊन अगदी हळू विचारायची, ‘ते आलेत का रे?’

‘नाही गं आई. बाबा गेले. आता येणार नाहीत ते.’

हे ऐकलं की तिचा श्वास सुटायचा. जाऊन पडायची. घटकाभरानं विसरायची, की पुन्हा उठून पहिल्यापासून सुरू.

पट्टी ऑफिसात येऊन सांगायचा. ‘बाबांना शोधते रे ती. रोज शोधते. आणि रोज मला तिला सांगावं लागतं की ते मेले.’

डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या आवाजानं अशा माणसांना बरं वाटतं. त्यावर पट्टीच्या डोक्यात ती कल्पना आली.

एका शनिवारी अर्ध्या दिवसानं ऑफिस सुटलं तसा मला म्हणाला, ‘चल, बाजारात जाऊ. आणि तुझं ड्रिल दे.’ चार स्पीकर घेतले, पांढरे, पावाएवढे. स्कूटरवर मी मागे, मांडीवर खोकी, हनुवटीखाली एक. घरी येऊन हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही झोपायच्या खोल्या, असे चार ठिकाणी भिंतीवर ठोकले. विजेची सोडली तर तार नाही काही नाही. कॉम्प्युटर याच्या खोलीत. तिथे लावलं, की वायफायवरून सगळ्या घरात वाजायचं.

बाबांच्या घरी राहिलेल्या कॅसेटी त्यानं आधीच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या. पहिल्यांदा लावलं तेव्हा स्वयंपाकघरातला स्पीकर जरा मागे पडायचा. हॉलमध्ये ‘नदी’ म्हटलं की तिकडून उशिरानं ‘नदी’. पट्टीला ते कसं खपणार? बसला खाटखूट करत. शेवटी चारी आवाज असे एकात एक बसवले, की तुम्ही या खोलीतून त्या खोलीत गेलात तर आवाज तुमच्याबरोबर चालतो. तुटत नाही, मागे पडत नाही. घरात कुठेही उभे राहा, बाबा तुमच्या शेजारी.

आई तेव्हा नुकतीच उठली होती. पडद्याला हात घालायला निघालेली. आवाज सुरू झाला, ‘नदी डोंगरात उगम पावते...’ आणि ती जागच्या जागी थांबली. तसाच हात मागे घेतला. खुर्चीवर जाऊन बसली. पाय जुळवले, हात मांडीवर ठेवले.

संध्याकाळभर उठली नाही.

पट्टीनं माझा हात धरला. रडत होता आनंदानं. मीही म्हटलं, वा रे पठ्ठ्या.

मग रोज तेच. दिवेलागणीला बाबा सुरू, झोपेपर्यंत. आईचं फिरणं थांबलं. पट्टी रोज नवीन काहीतरी सांगायचा. म्हणे, ताटात आधी अर्धं टाकायची, आता शेवटचं शीतसुद्धा वेचून खाते. दारातल्या चपला ओळीत लावते. केस विंचरून बसते. ‘घरात लक्ष घालायला लागली रे पुन्हा!’ मावशीही खूश, म्हणायच्या, आजी आता अज्जिबात त्रास देत नाहीत. एकच झालं, की ती खुर्चीतच कपडे ओले करायला लागली. बाथरूम दहा पावलांवर, पण आवाज चालू असताना उठायचीच नाही. पट्टी म्हणाला, आजार वाढतोय, चालायचंच.

आता ती रात्र सांगतो. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. साडेनऊ झाले असतील. जेवणं उरकली होती. आई हॉलमध्ये खुर्चीवर. नदीचाच धडा चालू होता. पट्टी स्वयंपाकघरात भांडी विसळत होता, तेवढ्यात ताईचा फोन आला. दोन-तीन महिन्यांतून एकदा करायची.

‘टीव्ही लावलायस का?’ ताई म्हणाली.

‘नाही.’

‘मग बोलतंय कोण?’

‘ओळख बघू,’ पट्टी हसत म्हणाला, आणि फोन स्पीकरजवळ धरला.

त्याला वाटलं फोन कटला. मग ताई म्हणाली, ‘बंद कर ते.’

‘अगं, आईसाठी लावलंय. घरभर लावलंय. आधी रोज बाबांना शोधत फिरायची, पलंगाखाली, दारामागे—’

‘शोधत फिरायची?’

‘हो ना. आले का, आले का, असं विचारत.’

‘अरे देवा,’ ताई म्हणाली. ‘शोधत नव्हती रे ती. ते नाहीत ना, हे बघत होती.’

पट्टीच्या हातात ओलं पातेलं होतं. ते तसंच राहिलं.

‘तुला काय माहीत? तू होतास कुठे?’ ताईचा आवाज फाटला होता. ‘बाबांनी कधी आवाज चढवला नाही. शेजारी म्हणायचे, काय शांत घर आहे. जितका त्यांचा आवाज खाली यायचा, तितकी आईची... चपला वाकड्या राहिल्या म्हणून. ताटात शीत राहिलं म्हणून. ते बोलत असताना ती उठली म्हणून. त्या अडगळीच्या खोलीला आतून कडी आहे, बघितलीस कधी? अडगळीला आतून कडी कोण लावतं रे? मी बसवली ती. शाळेत होते. मी आईला आत घालायचे, कडी लावून घे म्हणायचे, आणि बाहेर उभी राहायचे.’

पट्टीनं पातेलं ओट्यावर ठेवलं.

‘मग माझं लग्न झालं,’ ताई म्हणाली. ‘मी निघून आले. त्यानंतर बाहेर कोण उभं राहत होतं, ते मी कधी विचारलं नाही.’

त्यानं फोन ओट्यावर ठेवला. कट केला नाही, तसाच ठेवला. धावत आपल्या खोलीत गेला आणि कॉम्प्युटर बंद केला.

कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

‘...नदीच्या दोन्ही काठांवर गाळ साचतो. ही जमीन सुपीक असते...’

त्याला वाटलं, मागे पडलेलं काहीतरी राहिलं असेल, वाजून संपेल. संपलं नाही. कॉम्प्युटरची वायर ओढली. वायफायच्या डब्याची ओढली. त्याच्या खोलीतला स्पीकर भिंतीवरून उपटला. हातातला स्पीकर गप्प होता, थंड होता. पण हॉलमधून आवाज येत होता. स्वयंपाकघरातून येत होता.

तो दाराशी गेला आणि मेन स्विच खाली ओढला.

घर अंधारात गेलं.

‘...सुपीक असते.’

आणि तिथे आवाज थांबला. धडा संपायला अजून बराच होता. पट्टीला तो धडा पाठ झालेला. पुढचं वाक्य पुराचं होतं.

पुराचं वाक्य आलं नाही.

‘ऐकतेस ना?’

हे धड्यात नव्हतं... कुठल्याच धड्यात नव्हतं.

त्यानं मोबाइलचा दिवा लावला. खुर्ची रिकामी. खाली जमीन ओली. ओल्या पावलांचे ठसे पॅसेजकडे गेलेले, छोटे छोटे, घाईचे. आणि पॅसेजच्या टोकाला कडी वाजली. आतून.

‘आई!’ तो धावला. अडगळीच्या दारावर हात मारले. ‘आई, मी आहे गं. दार उघड.’

‘दार उघड.’

हॉलमधून.

तो म्हणायचा, पहिल्यांदा वाटलं माझाच आवाज फिरून आला. तो पुन्हा म्हणाला, ‘दार उघड ना, आई.’

‘दार उघड.’ आता स्वयंपाकघरातून.

आत आई काहीतरी पुटपुटत होती. त्यानं दाराला कान लावला.

‘चुकलं... चुकलं माझं... पुन्हा नाही होणार...’

‘आई, मी आहे! मी! तुझा—’

आणि मग त्याच्या लक्षात आलं. तिला कसं कळणार? दाराच्या आतून तिला कसं कळणार, कुठला आवाज कुणाचा? दोन्ही एकच. आयुष्यभर लोक कौतुकानं म्हणत आले, अगदी बाबांचा आवाज.

त्यानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. गच्च. गप्प उभा राहिला.

तो गप्प राहिला... आवाज नाही राहिला.

‘दार उघड.’ आईच्या खोलीतून.

मग पॅसेजमधून.

पॅसेजमध्ये स्पीकर नव्हता, बरं का. मीच ठोकलेत ते. नव्हता.

जवळ आला... चढला नाही. उतरला. एक एक पायरी खाली आल्यासारखा. मऊ होत होत. पट्टीच्या खांद्याशी. त्याच्याच उंचीवरून. त्याच्या कानाजवळ...

‘दार उघड.’

पट्टीच्या तोंडावर हात होता. त्याचाच हात. दातांखाली तळवा.

मग काहीच नाही.

बराच वेळ... काहीच नाही. आतलं पुटपुटणंही थांबलं. ओट्यावरच्या फोनमधून ताई हाका मारत होती, बारीक, लांबून, आई, आई...

आणि मग अडगळीच्या खोलीतून. बंद दाराच्या आतून. अगदी हळू. प्रेमानं म्हणावं तसं.

‘इथे आहेस होय.’

...

थांबा. पाणी द्या जरा.

पट्टीनं बोलावलेल्या शेजाऱ्यांनी अडगळीचं दार फोडलं. मला फोन आला, मी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई आत एका उपड्या बादलीवर बसली होती. पाय जुळवलेले. हात मांडीवर. चेहऱ्याचं काही सांगत नाही मी तुम्हाला. डॉक्टर आले, म्हणाले, हृदय थांबलं, वय झालं होतं. आवाजाचं त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणार काय?

या वेळी ताई त्याच रात्री निघाली. उजाडायच्या आत पोचली. भाऊ-बहीण एका पलंगावर दोन टोकांना बसून होते. ती म्हणाली नाही की तू असं का केलंस. तो म्हणाला नाही की तू सांगितलं का नाहीस. दोघांनाही दुसऱ्याचं उत्तर ठाऊक होतं.

स्पीकर मी काढले. भिंतीला प्रत्येकी दोन भोकं राहिली, ती मी बुजवली. घरात त्या वेळी माझ्या हाताला तेवढंच काम होतं.

सगळं आटोपल्यावर ताई म्हणाली, ‘तो आवाज पुसून टाक. माझ्यासमोर. एक धडा शिल्लक ठेवू नकोस.’

पट्टीनं कॉम्प्युटर लावला. मी मागे उभा होतो. त्याचं बोट बटणावर गेलं, आणि का कोण जाणे, पुसायच्या आधी त्यानं नदीचा धडा एकदा लावला. कॉम्प्युटरवरच, बारीक आवाजात. भर दुपार होती, खिडक्या उघड्या होत्या.

‘नदी डोंगरात उगम पावते.’ मास्तरांची सवय अशी, वाक्य झालं की जरा थांबायचे, मुलांना समजायला वेळ द्यायचा म्हणून. त्या थांबण्यात कॅसेटीची खरखर. मग पुढचं वाक्य.

त्या खरखरीत कुणीतरी ‘हो’ म्हणालं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

‘तिचा प्रवाह सुरुवातीला वेगवान असतो.’

‘हो.’

बाईचा आवाज. म्हातारीचा. कण्हणं नाही, रडणं नाही. कुणाला राग येऊ नये म्हणून माणूस जसं चटकन म्हणतं, तसं.

‘आई आहे ही,’ ताई म्हणाली. ‘हे आधी होतं?’

पट्टीनं मान हलवली. नव्हतं. रोज ऐकत होता तो.

‘पुसू?’ त्यानं विचारलं.

ताईनं त्याचं मनगट धरलं. ती म्हणाली, ‘पुसलंस तर ती सुटेल? की आपल्याला ऐकू यायचं बंद होईल, एवढंच?’

पट्टीनं पुसलं नाही. तो कॉम्प्युटर बांधून त्याच्याकडे पडून आहे. लावत नाही. टाकतही नाही. आता तो कुणाशी बोलतही नाही फारसं. पुटपुटल्यासारखं बोलतो, घोगरं. मुद्दाम, आवाज ओळखू येऊ नये म्हणून.

त्या दुपारी आम्ही तिघं शेवटपर्यंत बसून राहिलो. उठवेना. धडा संपला. मास्तर थांबले. मागे नुसती खरखर राहिली, ती चालू राहिली. पट्टीनं बंद करायला हात पुढे केला.

आणि त्या खरखरीत, बऱ्याच वेळानं, कुणी काहीच विचारलेलं नसताना, ती म्हणाली,

‘हो.’